नान्नजकडच्या माळावर ड्रोन: काळवीट आणि मेंढरं एकाच व्हिडिओत घ्यायचीत, जाणकारांनी सांगा

माळावरचा_मुसाफिर (सोलापूर)

मंडळी नमस्कार. बार्शी रोडला वडाळा, नान्नज, मार्डी ह्या पट्ट्यात ज्यांचं येणंजाणं आहे त्यांनी बघितलं असणार, सकाळच्या पारी गायरानात काळविटांचा कळप आणि धनगराची मेंढरं एकाच माळावर चरत असतात, मधे फारतर दोनतीनशे फुटांचं अंतर. खालून बघताना काहीच उमजत नाही, गवत आडवं येतं, एक कळप दुसऱ्यामागं झाकतो. वाखरीचं रिंगण गर्दीत टाचा वर करून बघणं आणि टीव्हीवर वरून बघणं, तसला फरक आहे हा. मला वरून बघायचंय. कोण कुणाला जागा देतंय, काळवीट मेंढरांना बघून सरकतात का मेंढक्याला बघून, का दोन्हीला नाही आणि नुसत्या मोटरसायकलला घाबरतात.

मित्राकडं २५० ग्रॅमच्या आतला कॅमेरा ड्रोन आहे. चुलत बहीण प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतीय, तिला प्रोजेक्टला विषय पाहिजे. नेटवर शोधलं तर ह्या कामात लोक लै पुढं गेलेत. जर्मनीत कॉन्स्टान्झला माक्स प्लांक संस्था आहे तिथल्या गटानं केनियात ग्रेव्ही झेब्रे आणि इथिओपियात गेलाडा माकडं ह्यांच्या कळपांवर ड्रोन धरून प्रत्येक जनावराची वाट काढली, आणि नुसती वाट नाही तर खालची जमीन, झुडपं, पायवाटा सगळ्याचा थ्रीडी नकाशा करून त्यावर ती वाट बसवली, २०२३ ला पेपर आलाय. आणि आपल्या काळविटावर पण झालंय बरं का! २०२४ ला 'बकटेल्स' नावाचा डेटा आला, काळविटांचे ड्रोनमधून घेतलेले १२ व्हिडिओ आणि त्यात १२ लाखांच्या वर खुणा, म्हणजे प्रत्येक फ्रेममधे प्रत्येक काळविटाभोवती चौकट. बंगळुरूच्या आयआयएससीवाल्यांनी (भारतीय विज्ञान संस्था) पण काळविटांच्या कळपांवर ड्रोन वापरलाय. पण जंगली जनावर आणि पाळीव कळप एकत्र असं आपल्याकडं कुणी केलेलं मला तरी सापडलं नाही.

तर परवानगी कुणाची, उंची किती ठेवायची, आणि मेंढक्यांशी बोलायचं कसं, हे सांगा. शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड वाटतोय मला.

शेंगाचटणी

परवानगीचं नंतर बघ बे, आधी गावात सांगून ठेव. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीडकडच्या गावात रात्री ड्रोन दिसले म्हणून लोक काठ्या घेऊन जागत होते ते विसरलास का. आपल्याकडं पण व्हॉट्सअपवर तेच फिरत होतं, चोर ड्रोननं घरं बघून जातात म्हणून. तुझा ड्रोन दिसला की आधी तुलाच धरतील, काळवीट राहिलं बाजूला 😂

होटगीरोडवाला

हसू नका, बरोबर बोलतोय तो. पोलीस पाटील आणि सरपंचांना आदल्या दिवशी सांगायचंच.

नियमाचं सांगतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणं २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढं २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. नॅनोला आणि धंद्यासाठी नसलेल्या मायक्रोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. ग्रीन झोनमधे, म्हणजे वेगळी परवानगी लागत नाही त्या भागात, ४०० फुटापर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटर, उडवता येतो. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या आत वेगळे नियम आहेत, आणि आता आपल्या होटगी रोडवरून विमानं चालू झालीत तेव्हा ते गमतीत घेऊ नका. नान्नज उत्तरेला वीसेक किलोमीटर पडतं म्हणून त्या हिशोबात बसायला हरकत नसावी, पण सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा नकाशा उघडून त्या दिवशीचा झोन बघायचाच, तोंडी कुणाचं ऐकायचं नाही, माझं पण नाही.

पाखरवेडी

वरचं सगळं आकाशाचं झालं. जमिनीचं कोण बघणार?

मुसाफिर, तू 'गायरानात' म्हणालास ते अभयारण्याच्या बाहेर आहे असं गृहीत धरलंयस. माळढोक अभयारण्य १९७९ ला जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर होतं, सोलापूर आणि नगर दोन्ही जिल्ह्यांत, आणि त्यात गावंच्या गावं, लोकांची खाजगी रानं सगळं आलं होतं. नंतर ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. पण आजही हद्द म्हणजे नान्नजच्या त्या तारेच्या कुंपणातली कुरणं एवढीच नाही. कुंपणाबाहेर उभं राहून 'मी बाहेर आहे' म्हणणारे शंभर फोटोग्राफर बघितलेत मी. गट नंबर घेऊन वनखात्याच्या ऑफिसात विचार. हद्दीत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २८, अभ्यासासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी, अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर आणि गाईडच्या सहीनं. बहिणीच्या नावानं कर, तुझ्या नावानं नको. काळवीट आणि लांडगा दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. हद्दीबाहेर असले तरी त्यांना पळवणं हा गुन्हाच.

आता माझा खरा मुद्दा. 'जनावर पळालं नाही म्हणजे त्याला त्रास नाही' हे सगळे ड्रोनवाले म्हणतात. अमेरिकेत मिनेसोटात २०१५ ला काळ्या अस्वलांच्या अंगात हृदयाचे ठोके मोजायचं यंत्र बसवून वरून ड्रोन नेला. बरीचशी अस्वलं जागची हलली पण नाहीत. आणि ठोके? एकाचे मिनिटाला १२३ नी वाढले. बाहेरून शांत, आतून हे असं.

दुसरं, त्याच साली दक्षिण फ्रान्समधे बदकं, फ्लेमिंगो आणि हिरव्या पायाचे तुतवार ह्यांच्यावर २०४ वेळा ड्रोन नेऊन बघितला. ८० टक्के वेळा ४ मीटरपर्यंत गेला तरी पाखरं बिथरली नाहीत. हे वाचून उजनीवर फ्लेमिंगोच्या डोक्यावर ड्रोन नेणारे खूश होतील, पण त्याच पेपरात पुढं आहे की डोक्यावरून सरळ खाली आणला की पाखरं जास्त बिथरतात. ड्रोनचा रंग कुठला आणि वेग किती ह्यानं फारसा फरक पडला नाही, यायची दिशा महत्त्वाची. वरून सरळ खाली येणारी गोष्ट म्हणजे ससाणा किंवा गरुड, एवढं पाखराला कळतं. आणि १०० मीटरच्या आत ड्रोन उडवायला सुरुवातच करू नका असंही त्यांनी सांगितलंय.

पावसाळ्यात तर कुरणांकडं फिरकूच नकोस. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, वर्षाला एक. आता राहिलेत किती ते सगळ्यांना माहितीय, मी परत लिहीत नाही. थंडीत लांडगीण पिलं घालते, बीळ कुणाला दिसलं की पिलं दुसरीकडं उचलून नेते. तेव्हा ते दिवस पण सोडायचे.

मोहोळची_ड्रोनताई

मी फवारणीचा ड्रोन चालवते, बचत गटामार्फत ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट झालंय. आमचं यंत्र मोठं, दहा लिटरची टाकी, आवाज अर्ध्या शिवारात जातो. त्यामुळं तुमच्या छोट्या ड्रोनला माझा अनुभव तंतोतंत लागू नाही, पण जनावरांचं जे बघितलं ते सांगते.

म्हशी ढिम्म हलत नाहीत. बैल कान टवकारतो, दोन दिवसांत सवय होते. शेळ्या वर बघतात, पळत नाहीत, उत्सुकताच जास्त. मेंढरं मात्र! एक दचकलं की सगळी एकमेकात घुसतात, डोकी खाली घालून मधे मधे शिरतात, आणि मग एकदम सगळा गठ्ठा एका दिशेला सुटतो. उसाच्या फडात घुसली तर बाहेर काढायला मेंढक्याची संध्याकाळ जाते आणि उसाच्या मालकाची बोलणी वेगळी. म्हणून शेजारच्या रानात मेंढरं बसलेली असली की मी फवारणी पुढं ढकलते.

वाऱ्याचं पण बघा दादा. आपल्याकडं फेब्रुवारीनंतर दहा-अकरा वाजले की माळावर वावटळी उठायला लागतात. २५० ग्रॅमचं खेळणं त्यात कागदासारखं उडतं. सूर्य उगवल्यापासून दोन तास, तेवढेच तुमचे. बॅटरी कंपनी ३० मिनिटं सांगते, तुम्ही २० धरा, परत यायला ठेवायला लागते की नाही. आणि घारीकडं लक्ष ठेवा, घार अंगावर आली तर खाली पळू नका, सरळ वर न्या, घारीला तेवढ्या वेगानं सरळ वर चढता येत नाही.

माळावरचा_मुसाफिर (सोलापूर)

ताई, हे सोनं आहे, कुठल्या पेपरात मिळालं नसतं. पाखरवेडी, गट नंबर काढतो, सोमवारी ऑफिसात जातो. पावसाळा आणि थंडीचे सुरुवातीचे महिने सोडले म्हणजे फेब्रुवारी-मार्च उरतो, ज्वारी काढून झालेली, रानं मोकळी, मेंढरं पण त्याच वेळेला जास्त असतात. चालेल?

जुळे_सोलापूरचा_कोडर

फेब्रुवारीला माझी एक अडचण. काळविटाचा नर वरून छान दिसतो, काळी पाठ पिवळ्या गवतावर उठून दिसते. माद्या आणि पाडसं मात्र वाळक्या गवताच्याच रंगाची, सॉफ्टवेअरला सोड, मला पण सापडत नाहीत. उपाय सावली. सकाळी सावली जनावरापेक्षा लांब पडते आणि वरून आधी सावलीच दिसते, शिंगं आहेत का नाहीत ते पण सावलीवरून कळतं. म्हणजे ड्रोनताईंचे ते पहिले दोन तास ह्याही हिशोबानं बरोबर.

उंचीचा हिशोब: एक इंची सेन्सरचा फँटम ४ प्रो धरला तर १२० मीटरवरून फोटोतला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे ३.३ सेंटीमीटर. काळवीट नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत सव्वा मीटर धरलं तर ३५-४० पिक्सेल झाले. ओळखायला पुरतात. मित्राच्या छोट्या ड्रोनचा सेन्सर बारका, त्यात व्हिडिओ म्हटलं की अजून जाड येणार, म्हणून मी ७०-८० मीटर म्हणेन. त्याच्या खाली जायचं कारणच नाही. कॅमेरा सरळ खाली, ९० अंशात, तिरका अजिबात नको, तिरक्या व्हिडिओत अंतरं मोजता येत नाहीत. आणि ड्रोन एका जागी थांबवायचा, कळपाच्या मागं मागं नाही, कळप फ्रेममधून गेला तर जाऊ दे.

मोजणीवर विश्वास ठेवायचा का असं कुणी विचारेल. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला समुद्रकिनाऱ्यावर लोकांनी हजारो नकली बदकं मांडली, खरा आकडा आधीच माहिती होता, आणि एकीकडं दुर्बिणीवाले मोजणार आणि दुसरीकडं ड्रोनचे फोटो. ड्रोनची मोजणी ४३ ते ९६ टक्क्यांनी जास्त अचूक निघाली, २०१८ चा पेपर आहे.

आता मजेचा भाग, मेंढरांचा. ड्रोनताईंनी जे लिहिलं ना, एकमेकात घुसतात, मधे मधे शिरतात, ते मोजून झालंय. ४६ मेरिनो मेंढ्यांच्या पाठीवर जीपीएस बांधून त्यांच्यावर केल्पी जातीचं कुत्रं सोडलं, प्रत्येक मेंढी कळपाच्या मध्याकडं पळते, स्वतःला वाचवायला दुसरीच्या आड जाते, २०१२ ला छापून आलं. मग २०१४ ला त्याच आकड्यांवरून गणित मांडलं की एकटं कुत्रं एवढा मोठा कळप कसा नेतं. दोनच नियम निघाले. कळप विस्कटला असेल तर बाहेर राहिलेल्या मेंढीच्या मागं जा आणि तिला आत ढकल, कळप गोळा झाला असेल तर मागं राहून पुढं हाक. बास. ह्या दोन नियमांवर लोक ड्रोननं मेंढरं वळवायचं बघतायत, न्यूझीलंडला तर ड्रोनवर स्पीकर लावून कुत्र्याचं भुंकणं वाजवतात.

मुसाफिर, तुझा व्हिडिओ मिळाला तर हे दोन नियम आपल्या मेंढरांना लागू होतात का ते मी तपासून देतो. फुकट.

बिरोबाचा_लेक (सांगोला)

सगळं वाचलं. मी धनगराचा. थोरला भाऊ आन आबा अजून वाड्यावर, म्हंजी मेंढरांच्या फिरत्या मुक्कामावर, असत्यात, मी शिकलो म्हणून पुण्यात नोकरीला हाय. ह्या कोडर दादाचं वाचून आबाला फोन लावला आन सगळं वाचून दाखवलं. आबा लै हसलं.

पयली गोष्ट, आमचं कुत्रं मेंढरं वळवत न्हाय. आमच्यात कुत्रं राखणीला. रातच्याला लांडग्यावर भुकायला, चोरावर भुकायला. दिवसा ते घोड्याच्या सावलीला झोपतं. मेंढरं वळवतो माणूस, त्येबी तोंडानं. शिटी, हाळी, जिभेचा टकटक आवाज, प्रत्येक मेंढक्याचा आपला आवाज असतो आन मेंढरं आपल्याच मालकाचा ओळखत्यात. दोन वाड्याची मेंढरं पाण्यावर एकात मिसळली तर आबा एका बाजूला हून हाळी देतो आन आपली आपली येगळी हुत्यात. पुढं चालणारा माणूस असतो, मेंढरं त्याच्या मागं येत्यात. मागं एक पोरगं न्हायतर बाई, लंगडी, गाभण, कोकरं मागं राहत्यात त्यास्नी सांभाळायला. तुमच्या गणितात भेवानं पळणारी मेंढी हाय, आमची मेंढी पुढच्याच्या मागं भुकेपायी चालते. भेवानं रोज पळवली तर अंगावर मांस धरंल का ती?

दुसरी गोष्ट, मेंढरात चार-सहा शेळ्या असत्यात. लोक म्हणत्यात दुधासाठी. दूध हायच, पण वाट शेळी काढते. ओढा आला, पूल आला, मेंढरू थांबतं, शेळी पुढं जाते मग सगळी जात्यात. वरून बगताना पांढऱ्या-काळ्या मेंढरात शेळी कुठली ह्ये तुमच्या सॉफ्टवेअरला शिकवा आधी, न्हायतर म्होरं कोण गेलं ह्येच चुकंल.

आन आता ज्ये बोलायचंय त्ये. आबानं हसून झाल्यावर इचारलं, ह्यो इडिओ कुणाकडं जाणार? मला उत्तर आलं न्हाय. गायरानात चारलं तरी कोणतरी अडवतं, सोलर आलं, पवनचक्की आली, कुंपण आलं, वनखात्याच्या हद्दीत चुकून शिरली तर दंड. मेंढरास्नी हद्दीचा दगड दिसत न्हाय. तुमच्या इडिओत तारीख येणार, टाइम येणार, जीपीएस येणार, मेंढरं कुणाची तेबी वळखू येणार. तुम्ही अभ्यासाला घेणार, पर उद्या कुणी त्योच दाखवून पावती फाडली तर? काळवीट मेंढरामागं चरत व्हतं का म्होरं, ह्येचं उत्तर तुमाला मिळंल आन दंड आमाला. रागानं लिहीत न्हाय, पर इचार करा.

शेंगाचटणी

आबांना साष्टांग 🙏 शेळीचं ते तर मला माहितीच नव्हतं

जुळे_सोलापूरचा_कोडर

बिरोबाचा_लेक, आबांनी माझ्या मॉडेलची पार हवा काढली आणि लै बरं वाटलं. खरंय, ते सगळं काम मागून भीती दाखवून हाकण्यावर आहे. पुढं चालणाऱ्याच्या मागं जाण्यावर पण एक आहे, फ्रान्सचं, २०२२ चं, छोट्या छोट्या गटांवर. त्यात त्यांना दिसलं की मेंढ्या थोडा वेळ चरतात मग एकदम रांगेनं निघतात, पुढं एकजण, बाकी त्याच्या मागं, आणि दरवेळी पुढारी बदलतो. पण तिथं माणूस नव्हता आणि शेळी पण नव्हती. माणूस पुढं, शेळ्या मधे कुठंतरी, पोरगं मागं, आणि पाचशे मेंढरं, हे मी तरी कुठं बघितलं नाही. प्रोजेक्ट हाच करा की राव, काळवीट हवं तर बोनस धरा.

खडूस_निवृत्त

मला ह्या चर्चेत एक बाजू कमी दिसते. मेंढ्यांनी माळ बोडका केला हे कुणी बोलत नाही. गवत वाढू द्यायचंच नाही म्हटल्यावर माळढोक राहणार कुठं? ड्रोननं उलट तेच दाखवा, कुठं किती चरलं गेलंय ते. पावती फाटत असेल तर फाटू दे.

पाखरवेडी

काका, आदर ठेवून सांगते, एवढं सरळ नाही ते. जास्त चराई वाईट, मान्य, माळढोकाच्या विणीच्या काळात कुरणात मेंढरं नकोतच. पण माळरान म्हणजे कायम गुडघाभर गवत असं पण नाही. धावीक पक्षी, चंडोल ह्यांना आखूड गवत आणि उघडी जमीन लागते, माळढोकाला बसायला गवत आणि चालायला, बघायला मोकळं दोन्ही लागतं. काळवीट पण लांबवर दिसेल अशी जागा धरतं, लांडगा लांबूनच दिसायला पाहिजे त्याला. आणि माळाचं खरं नुकसान कशानं झालं ते बघायचं तर विहिरी-बोअर आले, ऊस-द्राक्षं आली, विजेच्या तारा आल्या, आणि 'पडीक जमीन' म्हणून आपणच माळावर झाडं लावली. नान्नजला लांडगा टिकलाय तो मेंढरांच्या वाड्यांच्या आधारानं पण, हे आबांना विचारा, ते कुठल्याही अहवालापेक्षा नीट सांगतील.

कुठं किती चरलं गेलं हे बघायला ड्रोन वापरता येतो, हो. पण मग त्याच व्हिडिओत शेजारचं नांगरलेलं गायरान पण दाखवायचं. नुसती मेंढरंच का?

खडूस_निवृत्त

नांगरलेल्या गायरानाचा मुद्दा पटला. बाकी मी माझ्या मतावर आहे.

मॉडरेटर

सूचना: एका सभासदानं 'जागा अशी आहे' म्हणून माळाचा ड्रोन फोटो टाकला होता, तो काढला आहे. फाइलमधे अक्षांश-रेखांश होते आणि फोटोत लांडग्याचं बीळ असलेला बांध ओळखू येत होता. बिळात धूर करून पिलं मारण्याचे प्रकार लोकांना माहीत आहेत. कृपया फोटो टाकायच्या आधी लोकेशन पुसा. ड्रोनच्या व्हिडिओबरोबर जी सबटायटलसारखी फाइल येते तिच्यात पण प्रत्येक सेकंदाचं ठिकाण असतं, ती लक्षात ठेवा.

माळावरचा_मुसाफिर (सोलापूर)

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण आबांच्या प्रश्नावर बहिणीशी आणि तिच्या मॅडमशी बोलत होतो. ऑफिसात पण जाऊन आलो. पाखरवेडी बरोबर निघाली, मी धरलेल्या तीन गायरानांतलं एक हद्दीत येतं. ते सोडलं. उरलेली दोन बाहेर आहेत, तरी वनखात्याला लेखी कळवणार.

बिरोबाचा_लेक, असं ठरवलंय, आबांना सांगून बघ. ज्या वाड्याची मेंढरं असतील त्या वाड्यासमोर आदल्या दिवशी ड्रोन उडवून दाखवायचा, त्यांनी हो म्हटलं तरच. व्हिडिओ उतरवला की तिथंच मोबाईलवर दाखवायचा आणि एक कॉपी त्यांच्या पोराच्या फोनला. ठिकाणाची फाइल वेगळी, कॉलेजच्या कपाटात, प्रोजेक्टच्या वहीत गावाचं नाव नाही, नुसतं 'माळ १' आणि 'माळ २'. अंगावर रंग लावलेला असतो त्यावरून मेंढरं कुणाची ते ओळखू येतं, म्हणून छापायच्या फोटोत ते झाकायचं. वाडा नको म्हणाला तर त्या दिवशी नुसते काळवीट आणि ते पण मेंढरं नसतील तिथं. आणि उपयोगाचा मुद्दा, खडूस काकांचं ऐकून मॅडम म्हणाल्या की गायरानाचा जो नकाशा निघेल त्यात नांगरट, कुंपण, सोलर सगळं येईल आणि तो नकाशा वाड्याला पण द्यायचा, ग्रामसभेत मांडायचा असेल तर त्यांनी मांडावा.

अजून काय राहिलं?

मोहोळची_ड्रोनताई

एवढंच की ड्रोन मेंढरांपासून लांबून, वारा मेंढरांकडनं ड्रोनकडं येत असेल अशा बाजूनं उडवा म्हणजे आवाज तिकडं कमी जातो. आधी पूर्ण उंचीला न्या मग आडवा सरकवा. पहिल्या दिवशी नुसता उडवा, रेकॉर्डिंगच करू नका, जनावरांना कळू दे. मी येईन पहिल्या दिवशी, माझ्या सासऱ्यांना पण मेंढरं बघायचीत.

बिरोबाचा_लेक (सांगोला)

आबाला सगळं सांगितलं. कॉपी फोनात द्यायचं आवडलं त्येला. नकाशा तर पयला पायजे म्हणाला, तलाठ्याला दाखवायला. आबाच्या वळखीचा एक वाडा माघात मार्डीकडं असतो, त्यास्नी इचारतो, दुसऱ्याच्या मेंढराचं मी हो म्हणू शकत न्हाय.

पर आबानं आपला एक सवाल टाकलाय. दिवसाचं आमाला ठावं हाय म्हणाला, रातचं सांगा. रातच्याला वाघर लावून मेंढरं आत बसवतो, चारी बाजूला जाळी. लांडगा आला की मेंढरं उठत्यात, पर कुठल्या कोपऱ्याकडनं आधी उठत्यात ह्ये अंधारात कळत न्हाय. कुत्रं भुकतं एकीकडं, आन सकाळी जाळी फाटल्याली दुसरीकडं. लांडगं दोन असत्यात, एक दावतो एक नेतो, असं आबा म्हणतो. ह्ये वरून दिसंल का? दिसलं तर कुत्रं कुठं बांधायचं त्ये ठरवता यील.

जुळे_सोलापूरचा_कोडर

अरे बाप रे, हा तर आपल्या सगळ्यांपेक्षा भारी प्रश्न आहे.

दिसेल, पण थर्मल कॅमेरा लागेल, आणि थर्मल पहाटे चांगला चालतो, जमीन गार झालेली असते तेव्हा. मेंढीची लोकर उष्णता आत धरते म्हणून पाठ फिकी दिसते, तोंड आणि पाय चमकतात. लांडगा त्यापेक्षा ठळक दिसायला पाहिजे.

शेंगाचटणी

आणि रात्री ड्रोन. धागा परत पहिल्या पानावर आला की बे. काठ्या!!

पाखरवेडी

रात्री ड्रोन नकोच. एक तर गाव जागं होईल, दुसरं म्हणजे वरून घरघर आली की मेंढरं लांडग्याच्या आधी ड्रोनलाच उठतील, मग आबांच्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं येईल. आणि लांडगा येणार कधी ते माहीत नाही, २० मिनिटांच्या बॅटरीत तो येईल होय? वाघरीच्या कडेला उंच बांबू रोवा, वर कॅमेरा बांधा, रात्रभर चालू. आवाज नाही, परवानगीची भानगड कमी.

मोहोळची_ड्रोनताई

बांबू वीस फुटी तरी पाहिजे, नाहीतर पाचशे मेंढरं एका चौकटीत मावायची नाहीत. आणि घोडं खाजवायला त्यालाच येऊन घासणार, तेव्हा ताण देऊन बांधा. बॅटरीचं बघते, आमच्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची जुनी पडून आहे, रात्रभर चालेल.

बिरोबाचा_लेक (सांगोला)

बांबू आबाकडं हायत. घोडी लांब बांधाय सांगतो.